अडकलेली बिलं आणि समाधान पोर्टल: शिरोलीतल्या एका मशीनशॉपचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीनं, एक जुनं लेथ आणि सात-आठ माणसं. शेजारच्या फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग घ्यायचे, मशिनिंग करायचं आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना बेअरिंग हाउसिंग पुरवायचं, हा धंदा. मशीनकडचं सगळं हे, म्हणजे माझे यजमान, बघतात. बिलं, बँक आणि जीएसटी माझ्याकडे. २०२३ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत राज्याबाहेरच्या एका मोठ्या कंपनीला आमचा माल गेला आणि त्याचे साडेसात लाखांच्या आसपास रुपये अडकून बसले. कंपनीचं नाव इथे नको. पण छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या एमएसएमई समाधान पोर्टलवरून ते पैसे कसे सोडवून घेतले, हे मी सविस्तर लिहितेय. मला गरज होती तेव्हा हे मराठीत कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं.

साडेसात लाख म्हणजे मोठ्या कंपनीच्या हिशेबात काहीच नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. बिल फाडलं की जीएसटी लागू होतो, पैसे आले की नाही हे जीएसटीचं पोर्टल विचारत नाही. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला कर, वजा जाता उरलेला कर भरावाच लागतो. म्हणजे न आलेल्या पैशांवरचा कर आम्ही आधी भरला. फौंड्रीवाल्यांचे पैसे थांबवणं शक्य नव्हतं. तेही आमच्यासारखेच छोटे आहेत, त्यांना कोळसा आणि पिग आयर्न रोखीनं घ्यावं लागतं. मग कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीच्या बँक कर्जाची मर्यादा शेवटच्या टोकाला गेली आणि त्यावरचं व्याज दर महिन्याला खात्यातून कापलं जाऊ लागलं. मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल आम्ही बँकेकडून व्याजानं काढून देत होतो. याचा मला राग येत होता आणि अजून येतो.

जानेवारीपर्यंत फोन, मेल, व्हॉट्सॲप सगळं करून झालं. अकाउंट्समधले एक गृहस्थ दरवेळी गोड बोलायचे, "मॅडम, पुढच्या सायकलमध्ये नक्की." पर्चेसचे साहेब बदलले होते. नवीन साहेबांनी एकदा सांगितलं की तुमच्या मालात रिजेक्शन आहे, ते मिटल्याशिवाय पेमेंट रिलीज होणार नाही. हे ऐकल्यावर आमचे हे फार दुखावले. मापात एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक दिसला तरी स्वतःहून पीस बाजूला काढणारा माणूस. कोणते पीस, कोणत्या चलनातले (मालासोबत जाणाऱ्या पावतीतले), माप किती भरलं, असं विचारलं तर उत्तर नव्हतं.

आमच्या सीएंनी तेव्हा मला बसवून कायदा समजावला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. कंपनीच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) '९० दिवस' असं छापलेलं होतं आणि आम्ही सगळे ते देवाचा शब्द असल्यासारखं मानत होतो. कायद्यापुढे तो आकडा टिकत नाही. कलम १६ तर मी दोनदा वाचून घेतलं. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. त्या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. एक लाख रुपये वर्षभर थकले तर व्याज २२ हजारांच्या वर जातं.

पण हा हक्क मिळतो तो उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला. निव्वळ व्यापार करणाऱ्यालाही उद्यम मिळतं, मात्र त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. थकबाकीच्या या तरतुदी त्याला लागू नाहीत. आणि नोंदणीची तारीख महत्त्वाची. २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की माल पुरवल्यानंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू होत नाही. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, पण तिथल्या निकालावर विसंबून कुणी नोंदणी लांबवू नये. आमची नोंदणी २०२० ची होती. १ जुलै २०२० ला उद्यम पोर्टल सुरू झालं आणि जुन्या उद्योग आधारच्या जागी नवीन नोंदणी करायची असं ठरलं, तेव्हा सीएंनी मागे लागून आमच्याकडून ती करून घेतली होती. आधार, पॅन आणि ओटीपी, एवढ्यावर काम होतं. एनआयसी या उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाच्या यादीत मशिनिंगचा वर्ग २५९२ आहे, तो निवडायचा. एक पैसा लागत नाही. हे ठासून सांगते, कारण गूगलवर 'उद्यम नोंदणी' शोधलं की सरकारी चिन्हासारखं काहीतरी लावलेली खासगी संकेतस्थळं आधी येतात आणि फीच्या नावाखाली हजार-दोन हजार घेतात. खरा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो, तेवढं बघायचं.

अर्ज करायच्या आधी सीएंनी एक पत्र पाठवायला लावलं, रजिस्टर पोस्टानं आणि मेलनं. तो मार्च २०२४ होता, आणि त्या महिन्याला महत्त्व होतं. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे नवीन कलम त्याच आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं मुदतीबाहेर गेलं आणि ३१ मार्चलाही थकलेलं असलं, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यावर कर भरावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या एमआयडीसीत हीच चर्चा होती. कंपन्यांकडून पत्रं येत होती की तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा. आमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटनं तर फोनवर सुचवलं, "वहिनी, ते उद्यम सरेंडर करून टाका, पुढची ऑर्डर लगेच देतो." मी नाही म्हटलं. आपल्या हातात कायद्यानं दिलेली एकमेव गोष्ट आपणच परत करायची?

पत्रात आम्ही चार मुद्दे घातले: प्रत्येक बिलाची देय तारीख, कलम १६ प्रमाणे आजपर्यंतचं व्याज, ४३बी(एच), आणि जीएसटीचा १८० दिवसांचा नियम. हा शेवटचा नियम फारसा कुणी वापरत नाही. खरेदीदारानं बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यानं घेतलेलं इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. पत्राला उत्तर आलं नाही. मात्र पोहोचपावती आली, आणि ती पुढे कामाला आली.

एप्रिलमध्ये समाधान पोर्टलवर अर्ज भरायला बसले. हे पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. मी अर्ज केला तेव्हाची पद्धत सांगते. उद्यम क्रमांक टाकला की नोंदणीतल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि आपली माहिती आपोआप उमटते. पुढे खरेदीदाराची माहिती: कंपनी खासगी आहे, सरकारी खातं आहे की सार्वजनिक उपक्रम, तिचा पत्ता, मेल. इथे मेलचा पत्ता फार विचार करून द्यावा, कारण अर्ज भरला की खरेदीदाराला सूचना त्याच मेलवर जाते. मी अकाउंट्समधल्या गृहस्थांचा मेल न देता कंपनीच्या नोंदणीतला अधिकृत मेल दिला. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सापडला. मग एकेक बिल: पीओ क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम, त्यातली थकलेली रक्कम. प्रत्येकाची पीडीएफ जोडायची. फॉर्म इंग्रजीत आहे, पण रोज जीएसटीचं पोर्टल हाताळणाऱ्याला जड जाणार नाही. फायली मोठ्या असतील तर लहान करून घ्याव्या लागतात, आणि हे आधीच करून ठेवलं तर बरं, नाहीतर मध्येच सत्र संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं.

खरी मेहनत फॉर्मच्या आधीची आहे. कायद्यात 'स्वीकृती'ची व्याख्या बारकाईनं वाचायला हवी. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. म्हणजे माल कधी पोहोचला हे सिद्ध करणारा कागद आपल्याकडे असायलाच हवा. आमच्याकडे तीन प्रकारचे कागद होते. गेटवर शिक्का मारलेली चलनं, कारण आमचा ड्रायव्हर शिक्का घेतल्याशिवाय गाडी वळवत नाही. ई-वे बिलं, म्हणजे माल वाहतुकीचे ऑनलाइन काढलेले कागद. आणि कंपनीच्याच सिस्टिममधून मेलवर आलेल्या जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी, ज्यात 'स्वीकारलेली संख्या' असा रकाना होता आणि तो पाठवलेल्या संख्येशी जुळत होता. मी एका मोठ्या कागदावर तक्ता केला: एका ओळीत पीओ, चलन, ई-वे बिल, जीआरएन, बिल, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) कोणत्या महिन्यात दाखवलं, आणि ४५ वा दिवस कोणता. हा तक्ता तयार झाला तेव्हा पहिल्यांदा मला आपली बाजू किती भक्कम आहे हे दिसलं. तोपर्यंत आम्ही पैसे मागत होतो ते विनवणी केल्यासारखे.

अर्ज गेला, क्रमांक मिळाला, आणि आमच्या घरात थोडा वादही झाला. यांचं म्हणणं, गिऱ्हाईक तुटेल. ते खरंही होतं. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंगमध्ये माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखीवर धंदा करत आली, कोर्टकचेरी म्हणजे नातं संपवणं. आमच्या जुन्या टर्नरनं, जो माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे, यांना सरळ सांगितलं, "मालक, घाम आपला गेलाय न्हवं? मग मागायला कशाची लाज?" त्यावर हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जुन्या जीआरएनची फाईल त्यांनी स्वतः शोधून दिली.

अर्ज दाखल झाला म्हणजे खटला सुरू झाला असं नाही. आधी खरेदीदाराला संधी असते, तो पैसे देऊ शकतो किंवा उत्तर देऊ शकतो. नंतर तो अर्ज थकबाकीचे असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो आणि कौन्सिलनं स्वीकारला तर प्रकरण होतं. आपलं युनिट जिथे आहे तिथल्याच कौन्सिलला हा अधिकार आहे, खरेदीदार देशात कुठेही असो. कलम १८ मधली ही तरतूद छोट्यांसाठी सोन्याची आहे. आमचं प्रकरण पुणे विभागाकडे गेलं. त्या कंपनीच्या गावात वकील लावून दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात खेपा घालायच्या असत्या, तर आम्ही तो नाद कधीच सोडून दिला असता.

वाट मात्र पाहावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात ते तसं होत नाही. कौन्सिलमध्ये अर्जांचा ढीग असतो. पोर्टलवर स्थिती दिसते, तीच ओळ आठवडेच्या आठवडे बदलत नाही. त्या काळात मी एक केलं: दर महिन्याला व्याजाचा आकडा नव्यानं काढून कंपनीला मेल करत राहिले. रागाचा शब्द नाही, फक्त तक्ता. पावसाळा संपता संपता अकाउंट्समधल्या त्याच गृहस्थांचा फोन आला. मुद्दल देतो, अर्ज मागे घ्या. मी म्हटलं, पैसे खात्यात आले की बघू. पैसे आले नाहीत.

मग कौन्सिलची नोटीस निघाली आणि समेटाची बैठक व्हिडिओवर झाली. आमच्याकडून सीए आणि मी. त्यांच्याकडून वकील, आणि त्यांनी पहिल्यांदाच एक रिजेक्शनची यादी पुढे केली. यादीवर तारीख होती बैठकीच्या थोडी आधीची. माझ्या छातीत धडधडत होतं, पण तक्ता समोर होता. सीएंनी एवढंच विचारलं: या पीसबद्दल माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत कधी पाठवली? आणि जीआरएनमध्ये पूर्ण संख्या स्वीकारलेली का दाखवली? वकिलांनी मुदत मागितली. पुढच्या बैठकीत ती यादी पुन्हा निघालीच नाही.

शेवटी समेट झाला: पूर्ण मुद्दल तीन हप्त्यांत, आणि व्याजाचा काही भाग. उरलेलं व्याज सोडायचं का, यावर मी आणि सीए बराच वेळ बोललो. न सोडता पुढे गेलो असतो तर समेट फसला म्हणून प्रकरण लवादाकडे गेलं असतं. निकाल आमच्या बाजूनं लागला असता असं वाटतं, आणि त्याविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला कलम १९ प्रमाणे निकालाच्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. ही अट मोठ्या कंपनीलाही विचार करायला लावते. पण आमची कॅश क्रेडिट टोकाला होती. पैसे लवकर येणं हे आमच्यासाठी व्याजाच्या शेवटच्या रुपयापेक्षा मोलाचं होतं. एक अट मात्र आम्ही सोडली नाही: शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच प्रकरण बंद झाल्याचं लिहून देणार. २०२५ च्या सुरुवातीला तो जमा झाला.

त्या कंपनीकडून पुन्हा ऑर्डर आली नाही. ती जागा भरायला आम्हाला वेळ लागला, एक शिफ्ट काही महिने बंद ठेवावी लागली आणि एका मुलाला दुसरीकडे काम बघायला सांगावं लागलं. हे लिहिलं नाही तर अनुभव अर्धाच सांगितल्यासारखं होईल. पोर्टल पैसे मिळवून देतं, गिऱ्हाईक टिकवून देत नाही. माझ्या मते इथे सरकारनं अजून पुढे जायला हवं. प्रत्येक वेळी छोट्यानंच तक्रार करायची आणि छोट्यानंच ऑर्डर गमवायची, हे बरोबर नाही. कंपन्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई फॉर्म-१ मध्ये ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलेली देणी जाहीर करावी लागतात. त्या माहितीवरून यंत्रणेनंच विचारणा का करू नये?

म्हणूनच आता आमचा भर ट्रेड्सवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणाऱ्या या ऑनलाइन मंचांवर, उदाहरणार्थ आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट यांवर, आपण बिल चढवायचं. खरेदीदारानं ते मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. आपल्याला पटेल ती बोली घ्यायची, सवलतीची रक्कम कापून पैसे लगेच खात्यात येतात. मुदत संपल्यावर खरेदीदार बँकेला पैसे देतो. त्यानं नाही दिले तरी बँक आपल्याकडे वसुलीला येत नाही, आणि हा भाग आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. व्याजाचा दरही मोठ्या खरेदीदाराची पत बघून ठरतो, त्यामुळे आमच्या कॅश क्रेडिटपेक्षा कमी पडला. अडचण एकच होती, खरेदीदार मंचावर नसेल तर काहीच होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली, तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकाला मी मेलमध्ये तो नियम जोडून विचारलं. ते तयार झाले. नोंदणी झाली तरी बिल मान्य करायची सक्ती त्यांच्यावर नाही, हेही लक्षात ठेवावं. म्हणून आता नवीन ऑर्डर घेताना 'ट्रेड्सवर बिल मान्य करणार का' हे दर ठरवण्याआधी विचारते.

गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतले, कास्टिंगच्या साच्यांसाठी पॅटर्न (नमुने) बनवणारे पॅटर्नशॉपवाले अण्णा आले. त्यांचेही पैसे असेच थकलेत. उद्यम २०२१ चं आहे, त्यामुळे तारखेची काळजी नाही. फौंड्रीवाल्यांना पॅटर्न दिले, पण पॅटर्न हातात दिल्याची पोच काही ठिकाणी फक्त व्हॉट्सॲपच्या फोटोत आहे. ते फोटो, त्यांच्यावरच्या तारखा आणि समोरच्याची 'मिळालं' अशी उत्तरं आम्ही छापून घेतोय. दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा अण्णा फाईल घेऊन येतात आणि आम्ही एकेक ओळ तक्त्यात भरतो.